बीव्हर स्काऊट्स: फी स्वस्त, वेळ महाग

सप्टेंबरात शाळा उघडल्या की आमच्या इकडच्या मराठी आयांमध्ये एक प्रश्न हमखास निघतो. पोहणं लावलं, पियानो लावला, गणिताची शिकवणी लावली, आता बीव्हर्सला, म्हणजे इथल्या स्काऊटांच्या सहा ते आठ वर्षांच्या मुलांच्या गटाला, घालावं का? दर वेळी मी दोन वाक्यांत उत्तर देते आणि मग पुढचा अर्धा तास फोनवर जातो. म्हणून आता एकदाच सविस्तर लिहून टाकते.

माझा हितसंबंध आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचताना त्याची वजावट करता येईल. मी हिशेबाची बाई. माहेर साताऱ्याचं, घर आता इंग्लंडात रेडिंगच्या जवळ. लेक आमच्या गावच्या स्काऊट ग्रुपमध्ये बीव्हर होती, आता त्यापुढच्या गटात, म्हणजे कब झाली आहे. धाकटा अजून रांगेत आहे. मी त्याच ग्रुपची खजिनदार आहे आणि बीव्हर्सच्या संध्याकाळी मदतीलाही जाते. म्हणजे गिऱ्हाईकही मीच आणि गल्ल्यावरही मीच. ग्रुपचं नाव देत नाही, कारण खाली तक्रारी आहेत आणि त्या ज्यांच्याबद्दल आहेत ती माणसं फुकट राबतात.

ज्यांचं स्काऊटिंग भारतातल्या शाळेत झालंय त्यांनी ते चित्र जरा बाजूला ठेवावं. साताऱ्यात मी गाईड होते. निळा ड्रेस, गळ्यात स्कार्फ, शिट्टीची दोरी, मैदानावर संचलन, आणि पीटीच्या बाई त्याच गाईड कॅप्टन. धाकट्यांचे कब आणि बुलबुल, तेही शाळेतच. शाळा सुटली की स्काऊट-गाईडही सुटलं. इथे शाळेचा काडीचा संबंध नाही. गावागावाचा स्वतंत्र ग्रुप असतो, मोठ्या गावात तर पेठेपेठेचा म्हणा ना, आणि नावं 'फर्स्ट अमुक', 'थर्ड तमुक' अशी. कायद्याच्या नजरेत तो ग्रुप म्हणजे एक छोटी धर्मादाय संस्था. बऱ्याच ग्रुपांची स्वतःची बैठी इमारत असते, तिला स्काऊट हट म्हणतात, आणि तिच्या छपरापासून संडासातल्या साबणापर्यंत सगळं गावातल्याच माणसांनी बघायचं.

वयाचे टप्पे असे: ४ ते ६ वर्षांची पोरं स्क्विरल्स, ६ ते ८ बीव्हर्स, ८ ते साडेदहा कब्ज, मग १४ पर्यंत स्काऊट्स आणि १८ पर्यंत एक्स्प्लोरर्स. स्काऊटिंगचा जनक बेडन-पॉवेल, त्याने ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर भरवलं ते १९०७ साली, कब्ज आले १९१६ मध्ये, बीव्हर्सना रीतसर मान्यता १९८६ मध्ये, आणि स्क्विरल्स तर अगदी परवाचे, २०२१ चे. त्यामुळे स्क्विरल्स अजून सगळ्या गावांत नाहीत. मुलींचं काय, हा प्रश्न सासूबाईंनी पहिल्याच फोनला विचारला होता. १९९१ पासून सगळ्या वयोगटांत मुली घेता येऊ लागल्या आणि २००७ पासून प्रत्येक ग्रुपला त्या घ्याव्याच लागतात. फक्त मुलींमध्येच हवं असेल तर गर्लगायडिंग ही वेगळी संस्था आहे, तिथे धाकट्यांच्या रेनबोज आणि ब्राउनीज असतात. माझ्या लेकीला झाडावर चढायचं होतं आणि बीव्हर्सची संध्याकाळ आम्हाला सोयीची होती. निवड एवढ्यावरच झाली.

आता रांग. ही पहिली तक्रार आणि सगळ्यात खरी. मूल सहाचं झाल्यावर चौकशी केलीत तर बहुतेक ठिकाणी उत्तर येईल, 'यादीत नाव टाकतो.' इथले मुरलेले पालक मूल रांगतं असतानाच नाव टाकून ठेवतात. देशभरात यादीत ताटकळणाऱ्या मुलांचा आकडा लाखाच्या घरात आहे, असं स्काऊट संस्थाच सांगते. पोरं भरपूर, हट रिकामा, पण घोडं अडतं ते मोठ्या माणसांपाशी. बीव्हर्सना बाहेर कुठे न्यायचं तर ६ मुलांमागे एक मोठं माणूस लागतं, आणि शिवाय सगळ्यांवर नजर ठेवणारा प्रमुख वेगळा. माणूस नाही तर मूल नाही, साधा हिशेब. म्हणूनच मदतीला येणाऱ्यांच्या मुलांना बऱ्याच ग्रुपमध्ये आधी घेतात. आमच्या बाबतीत तेच झालं. 'महिन्यातून दोनदा मी येऊ शकेन' असं मेलमध्ये लिहिलं आणि यादी एकदम आखूड झाली. हे कुणाला वशिल्यासारखं वाटेल. वाटू दे.

संध्याकाळ असते एका तासाची. पावणेसहाला सुरू, पावणेसातला खलास. आठवड्यातून एकदा, शाळेची टर्म चालू असेल तेव्हाच. हटमध्ये शिरताच ओल्या लाकडाचा आणि जुन्या धुराचा वास येतो. हीटर भिंतीवर उंच टांगलेले आहेत आणि ते फक्त छताला ऊब देतात. मोठ्यांना इथे सर, मॅडम, मिस असं कुणी म्हणत नाही. बीव्हर्सचे लीडर टोपणनावं घेतात. आमची प्रमुख ओटर, आणि दिवसा ती दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर असते. आधी गोल करून झेंडा, मग पोरांची वाफ घालवायला एक पळापळीचा खेळ, मग त्या दिवसाचं मुख्य काम, शेवटी परत गोल आणि घरी.

मुख्य काम म्हणजे काय, ते एका संध्याकाळीवरून सांगते. काडी ओढायची संध्याकाळ होती. हटच्या मागे फरशीवर मातीच्या कुंड्या, प्रत्येकीत वाळू आणि वाळूत एक छोटी मेणबत्ती. शेजारी पाण्याची बादली. केस लांब असतील त्यांचे बांधलेले, स्कार्फ काढून खुंटीला. एका वेळी एकच मूल कुंडीसमोर येणार, एक गुडघा जमिनीला टेकवणार, काडी अंगापासून लांबच्या दिशेने ओढणार, पेटली की आडवी धरणार, मेणबत्ती लावणार, काडी बादलीत. सहा वर्षांची पोरं! पहिल्या दोन-तीन काड्या प्रत्येकाच्या मोडतात, कारण पोर काडी शेवटाला धरतं. तिला बोट गुलाच्या जरा जवळ टेकवून धरायला शिकवलं की ओढता येते, आणि पेटताक्षणी बोट मागे घ्यायचं. एक मुलगा घाबरून दोनदा रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. त्याला कुणी ढकललं नाही, 'अरे, मुलगा ना तू' असंही कुणी म्हणालं नाही. तिसऱ्यांदा त्याने पेटवली आणि पेटलेली काडी हातात धरून इतका वेळ बघत बसला की ओटरला हळूच 'बादली' म्हणावं लागलं. घरी मी माझ्या लेकीला गॅसच्या चार फुटांत उभी राहू देत नव्हते. ही संध्याकाळ कुठल्याही क्लासमध्ये विकत मिळाली नसती, कारण कुठलाही क्लास एवढी जोखीम अंगावर घेणार नाही.

मग त्याच मेणबत्तीवर मार्शमेलो भाजायचे. इथे शाकाहारी घरांनी कान टवकारावेत. साध्या मार्शमेलोत जिलेटिन असतं आणि ते बहुधा डुकराचं. भरतीच्या फॉर्मवर 'शाकाहारी' एवढं लिहून भागत नाही, कारण भल्या माणसांना त्याचा अर्थ 'सॉसेज नको' एवढाच वाटतो. 'जिलेटिन नको' असं वेगळं लिहा. मी लिहिलं, तेव्हापासून जिलेटिन नसलेली पाकिटं येतात, आणि ती सगळ्यांनाच देतात, म्हणजे कुणाचं ताट वेगळं नको. हलाल खाणाऱ्या घरांचीही त्यात सोय झाली.

सगळ्याच संध्याकाळी अशा नसतात. काही अगदी टाकाऊ जातात. कागदाच्या ताटलीला कापूस चिकटवून मेंढी करणं हे माझ्या मते स्काऊटिंग नव्हे, ते नर्सरीत झालेलं असतं. जानेवारी-फेब्रुवारीत बाहेर काळोख आणि चिखल असतो, तेव्हा अशा मेंढ्या फार होतात. उन्हाळ्याची टर्म मात्र सोन्यासारखी: तळ्यात जाळी घालून किडे पकडणं, रानातल्या वाटेवर खुणा शोधत जाणं, फायर स्टेशनला भेट, कालव्यावर बोटीत बसणं. नवीन मूल घालायचं तर शक्यतो एप्रिलमध्ये घाला. पहिल्या महिन्यात त्याला मेंढी भेटली तर पुढे ओढत न्यावं लागेल.

बॅजांबद्दल माझं मत थोडं तिरकस आहे. ठरावीक सहा चॅलेंज बॅज आणि त्यावर आणखी चार मिळवले की बीव्हर्सचा सर्वोच्च, म्हणजे चीफ स्काऊटचं ब्राँझ मिळतं. पोरं त्यासाठी जीव टाकतात, ते ठीक. पण काही ठिकाणी त्यांची खैरात चालते. एका संध्याकाळी भाजी चिरली की लगेच स्वयंपाकाचा बॅज. त्यातल्या त्यात टप्प्यांचे बॅज मला पटतात, कारण ते मोजून मिळतात: किती रात्री घराबाहेर काढल्या, किती वाटा चाललात, पाण्यावर किती वेळा गेलात. इमर्जन्सी एडचा पहिला टप्पा तर प्रत्येक मुलाने करावा असाच आहे. ९९९ ला, म्हणजे इथल्या आणीबाणीच्या नंबरला, फोन कसा लावायचा, आपण कुठे आहोत हे कसं सांगायचं, हे लेक तिथे शिकली. घरी आल्यावर तिने आपल्या आजीला साताऱ्याला फोन लावून 'तुझ्या घराजवळची खूण काय?' असं दरडावून विचारलं. आई म्हणाली, 'अगं, रिक्षावाल्याला सांगायचंय का?' हे बॅज शिवायचं काम मात्र आपल्यावर येतं. जाड स्वेटशर्टवर हाताने शिवताना सुई मोडते. चिकटवायचा गोंद मिळतो. तो दुसऱ्या धुण्यात सोडतो.

शपथेचा एक बारकावा आपल्या लोकांना माहीत नसतो. कब झाल्यावर मूल देवाप्रती आणि राजाप्रती कर्तव्य करीन असं वचन देतं. त्यात पर्याय आहेत. हिंदू मुलाला 'गॉड'च्या जागी 'माय धर्मा' म्हणता येतं, मुसलमान मुलाला अल्लाचं नाव घेता येतं, देव न मानणाऱ्यांसाठीही वेगळी शब्दरचना आहे. ज्यांचा पासपोर्ट ब्रिटिश नाही त्यांना राजाऐवजी 'मी सध्या राहतो त्या देशाप्रती' असं म्हणायची सोय आहे. हे कुणी आपणहून सांगेलच असं नाही, विचारावं लागतं. आम्ही विचारलं, लेकीने 'धर्मा' म्हटलं, आणि समारंभ दोन मिनिटांत आटोपला. डावा हात पुढे, डाव्या हातानेच हस्तांदोलन, टाळ्या. कब्जचा सगळा थाट किपलिंगच्या जंगलातल्या गोष्टींवर उभा आहे: प्रमुखाला अकेला म्हणतात, मदतनिसांत कुणी बालू, कुणी बघीरा. आणि किपलिंग मुंबईत जन्मलेला, १८६५ साली, हे तिथल्या कुणाच्या गावी नव्हतं. मी सांगितलं तेव्हा आमचा बालू म्हणाला, 'मग तूच का नाही अकेला होत?' या लोकांशी बोलताना जपून राहावं, बोलणं शेवटी कुठल्यातरी जबाबदारीवर येऊन थांबतं.

नोव्हेंबरातल्या रिमेंबरन्स संडेला, म्हणजे युद्धात पडलेल्या सैनिकांच्या स्मरणाच्या रविवारी, आपले बरेच पालक मुलांना पाठवत नाहीत. थंडी असते, पोरांना अकरा वाजता दोन मिनिटं गप्प उभं राहायचं असतं, आणि 'आपला काय संबंध' असंही कुणी म्हणतं. मी साताऱ्याची. आमच्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे, तिथले जवान पहिल्या महायुद्धात लढायला गेले. त्या युद्धात हिंदुस्थानातून दहा लाखांहून जास्त माणसं समुद्रापार गेली. हे मी बीव्हर्सना पाच मिनिटांत सांगितलं, नकाशावर सातारा दाखवला. एका मुलीने विचारलं, ते बोटीत काय खायचे? उत्तर मला देता आलं नाही. प्रश्न मात्र वर्षभरातला सगळ्यात चांगला होता.

आता पैसे, म्हणजे माझा प्रांत. आमच्याकडे टर्मला साधारण ५० पौंड फी आहे. गावागणिक आकडा बदलतो. याच गावात अर्ध्या तासाच्या पोहण्याच्या शिकवणीला टर्मला याहून कितीतरी जास्त जातात. पण ५० पौंडांतला चांगला मोठा वाटा वर जातो, डिस्ट्रिक्ट, काउंटी आणि मुख्यालयाकडे. त्यातच विमा येतो. उरलेल्यात हटची वीज, पाणी, गॅस, इमारतीचा विमा, आणि दोरी, रंग, मेणबत्त्या. नुसत्या फीवर गाडं चालत नाही, हे मी हिशेबाची वही उघडून कुणालाही दाखवायला तयार आहे. वर्षाच्या हिशेबाची तपासणी बाहेरच्या माणसाकडून होते आणि वार्षिक सभेत तो मांडला जातो. सभेला या, असं दर वर्षी कळवते. येतात ते विश्वस्त आणि त्यांचे नवरे-बायका.

एक साधी गोष्ट सांगते, जिच्यामुळे दर वर्षी फुकट पैसे बुडतात. इथे कर भरणाऱ्या पालकाने गिफ्ट एडचा फॉर्म भरला की फीच्या प्रत्येक पौंडामागे २५ पेन्स सरकार ग्रुपला देतं. पालकाच्या खिशातून काही जात नाही. ५० च्या फीवर साडेबारा पौंड. तरी निम्मे लोक फॉर्म भरत नाहीत, आणि त्यात आपली आयटीतली मंडळी पुढे, जी स्वतःचा रिटर्न मात्र एक पेनी न सोडता भरतात. गेल्या हिवाळ्यात गटाराचा पाइप फुटला. फॉर्म भरलेले असते तर प्लंबरचं बिल त्यातच निघालं असतं.

बाकीचे पैसे उभारायचे मार्ग बघण्यासारखे आहेत. ख्रिसमसच्या आधी ग्रुप टपाल खातं चालवतो! १९८१ सालच्या कायद्याने धर्मादाय संस्थांना २५ नोव्हेंबर ते १ जानेवारी एवढ्या काळात ख्रिसमसची कार्डं पोचवायची मुभा मिळाली, तेव्हापासून कित्येक गावांत स्काऊट पोस्ट चालतं. रॉयल मेलच्या फर्स्ट क्लास तिकिटाच्या निम्म्याहूनही कमीत कार्ड गावातल्या गावात पोचतं. एक शनिवार हटमध्ये लांब टेबलं मांडून गल्लीवार कार्डं लावायची, मग पालकांनी आपापल्या गल्ल्या वाटून घ्यायच्या. आमचा नवरा, जो इथे शेजाऱ्यालाही ओळखत नव्हता, त्याला आता तीन गल्ल्यांतले सगळे कुत्रे नावानिशी माहीत आहेत.

उन्हाळ्यातल्या जत्रेत मी वडापावचा स्टॉल लावते. आमच्या शाळेत स्काऊट-गाईडची 'खरी कमाई' असायची, पोरींनी भेळ करून विकायची आणि नफा फळ्यावर लिहायचा. तोच हिशेब इथे. फरक एवढाच की तिथे कुणी चटणीत काय आहे असं विचारलं तर त्याला आगाऊ म्हणायचे. इथे १४ ॲलर्जींची यादी कायद्यातच आहे आणि कुठल्या पदार्थात त्यातलं काय आहे हे सांगता यायला हवं. पावात गहू, हे ठीक. फोडणीतली मोहरी त्या चौदांत आहे. तीळ आहेत. लाल चटणीत शेंगदाणा, तो तर पहिल्या नंबरचा. शेवटी मी शेंगदाण्याची चटणी बंदच केली आणि लसूण-खोबऱ्यावर आले. बीव्हर्सच्या आईबापांनी रांग लावली, सगळा माल दुपारी दोनच्या आत संपला, आणि ओटरने नफ्याचा आकडा ऐकून मला मिठी मारली. त्या पैशांतून नवे तंबू आले. पोरींना मी मुद्दाम गल्ल्यावर बसवलं होतं. सुटे परत करताना आठ वर्षांच्या मुलीची जीभ जशी बाहेर येते तशी कुठल्याही गणिताच्या वर्कशीटवर येत नाही.

मदतनीस व्हायचं असेल तर काय करावं लागतं? आधी ओळखपत्रं दाखवून डीबीएस, म्हणजे पोलिसांकडचं रेकॉर्ड तपासणं. स्वयंसेवकांना ते मोफत असतं. मग घरबसल्या करायचं प्रशिक्षण: सुरक्षितता, मुलांचं संरक्षण आणि बाकीचे धडे. नियमित काम करायचं तर प्रथमोपचाराचा फर्स्ट रिस्पॉन्सही. खिशात मावेल असं एक पिवळं कार्ड देतात, त्यावरचे नियम पाठच हवेत. त्यातला मुख्य असा की कुठल्याही मोठ्या माणसाने मुलाबरोबर एकटं राहायचं नाही, मग ते रडत असो की त्याला बाथरूमला जायचं असो. सुरुवातीला हे अती वाटतं. आपल्याकडे कुणाच्याही मुलाला कुणीही कडेवर घेतं. पण माझं मूल जेव्हा दुसऱ्याच्या भरवशावर रात्रभर तंबूत झोपलं, तेव्हा त्या पिवळ्या कार्डावरच मी झोपू शकले.

काम म्हटलं तर फार मोठं नसतं. डोकी मोजणं, ब्रश धुणं, बुटाच्या नाड्या, हरवलेला वॉगल (स्कार्फ अडकवायची कडी, ती हरवायलाच बनवलेली असते), आणि परत डोकी मोजणं. पण चौदा-पंधरा वर्षांची जी मुलं यंग लीडर म्हणून मदतीला येतात, त्यांना बघणं हा माझा खासगी आनंद आहे. बरीचशी ड्यूक ऑफ एडिंबरा अवॉर्डचे (तरुणांसाठीचा इथला एक पुरस्कार, त्यात समाजसेवाही करावी लागते) तास भरायला येतात. पहिल्या दिवशी भिंतीला टेकून फोन बघत उभी. सहा वर्षांची दोन पोरं येऊन पायाला लोंबकळली की फोन खिशात जातो आणि मग महिनोन्‌महिने बाहेर येत नाही. तास भरून झाले तरी येत राहतात. माझी लेक मोठी झाल्यावर तिने काय करावं याचं उत्तर मला तिथे मिळालं.

आता उरलेल्या तक्रारी. निरोप ही पहिली. सगळं एका ॲपवर आणि मेलवर चालतं, आणि मेल दुपारी चारला येतो की 'आज पावसाळी बूट आणा'. नोकरी करणाऱ्या आईने चार वाजता बूट आणायचे कुठून? मी हे प्रत्येक बैठकीत बोलते आणि प्रत्येक बैठकीत सगळे मान हलवतात. दुसरी, कॅम्प. मुलांना रात्री मुक्कामाला न्यायचं तर त्या लीडरकडे वेगळा परवाना लागतो. आमच्याकडे तो एकीकडेच होता. तिची आई आजारी पडली आणि अख्खी टर्मभर वाट पाहिलेला मुक्काम रद्द झाला. लेक दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, जणू मीच रद्द केला. यात नियमाचं चुकत नाही. एकाच माणसावर सगळा डोलारा उभा करणाऱ्या ग्रुपचं चुकतं, आणि असे ग्रुप कमी नाहीत. भरतीच्या वेळी विचाराच: मुक्कामाचा परवाना किती जणांकडे आहे?

तिसरी तक्रार आपल्याच लोकांची आहे, लिहायला कचरत नाही. हटच्या दारात गाडी थांबते, मूल उतरतं, गाडी जाते. पावणेसातला परत येते, काच खाली होते, 'आज काय केलं?' एवढा प्रश्न आणि गेली. पोलंडहून आलेल्या एका बाबांना इंग्रजी धड येत नव्हतं, त्यांनी न बोलता हटचं कुंपण दुरुस्त केलं. नायजेरियन आजीबाई दर टर्मला ड्रेस शिवून देतात. आणि आपली मंडळी म्हणतात, 'वेळच नाही हो.' टेनिसच्या कोर्टावर मात्र तीच मंडळी थर्मास घेऊन दोन तास बसलेली दिसतात. पैसे भरले की सेवा मिळाली पाहिजे ही सवय आपल्याला लागली आहे, आणि बीव्हर्सकडे त्या सवयीने गेलात तर हे तुम्हाला गबाळं, अव्यवस्थित, ऐन वेळी बदलणारं प्रकरण वाटेल. तेव्हा मात्र तुम्ही दुसरीकडे जा, जिम्नॅस्टिक्सला घाला, तिथे सगळं मिनिटावर चालतं.

फार लाजाळू किंवा आवाजाला बिचकणाऱ्या मुलांच्या आयांनी एक करावं. पहिल्या खेपेला खेळाची दहा मिनिटं झाल्यावर जावं, कारण लाकडी हटमध्ये वीस-बावीस पोरं ओरडत पळतात तेव्हा माझेसुद्धा कान बधिर होतात. आधी सांगितलंत तर ओटरसारख्या बायका त्या मुलाला झेंड्याची दोरी धरायचं काम देतात, आणि अर्धी भीती तिथेच जाते. इथे जादा मदत लागणाऱ्या मुलांना सांभाळून घेण्यात ही माणसं बऱ्याच शाळांपेक्षा उजवी आहेत. हे मी मैत्रिणीच्या मुलावरून सांगते.

तर घाला. नाव आजच टाका, मूल दोन वर्षांचं असलं तरी. मेलमध्ये 'मी मदतीला येऊ शकते' हे वाक्य लिहा, पण खरंच येणार असाल तरच. एकाच ग्रुपवर अडून बसू नका. शेजारच्या गावात वार वेगळा असतो आणि यादी आखूड असू शकते. मोठी मुलं कब्जमध्ये सरकली की जागा होतात, म्हणून टर्म संपता संपता एक नम्र आठवण करा. नव्या पोरांना पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ड्रेस लागत नाही. लागेल तेव्हा नवा घेऊ नका. फिरोजी स्वेटशर्ट दोन वर्षांत आखूड होतोच, आणि प्रत्येक हटच्या कपाटात आधीच्या पोरांचे धुतलेले ढीगभर पडलेले असतात. आमच्याकडे दोन पौंडाला एक. बॅजचे जुने टाके तेवढे उसवून घ्यावे लागतात.